मागच्या भाडेकरूने किती भाडे दिले?

ज्याला घर विकत घ्यायचे असते, त्याला निदान एवढे तरी कळू शकते की त्या इमारतीतली, त्या रस्त्यावरची घरे अलीकडे कितीला गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ पासून झालेल्या बहुतेक सर्व घरविक्रींच्या किमती सरकारी नोंदणी कार्यालय लोकांसाठी खुल्या ठेवते, आणि इतरही अनेक देशांत खरेदीखताची नोंद या ना त्या स्वरूपात पाहता येते. भाड्याने घर शोधणाऱ्याच्या वाट्याला मात्र यातले फारसे काही येत नाही. त्याच्यासमोर असते ती जाहिरात, आणि जाहिरातीत असते ते मागितलेले भाडे. त्याच घरात मागच्या महिन्यापर्यंत राहणारा माणूस किती भाडे देत होता, वरच्या मजल्यावरचे तसेच घर कितीला गेले, आधीच्या भाडेकरूला अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली का, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर सही करण्याआधी त्याच्या हाती पडत नाही.

चांगले आणि परवडणारे घर भाड्याने का मिळत नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा घरांच्या तुटवड्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. तुटवडा खरा आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण जिथे घरे पुरेशी आहेत अशा भागातही भाडेकरू नागवला जातो, आणि त्याचे कारण या अंधारात आहे असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्ष ठरलेल्या भाड्याची सार्वजनिक नोंद झाली पाहिजे, आणि नव्या भाडेकरूला मागचे भाडे लेखी सांगणे घरमालकावर बंधनकारक असले पाहिजे. भाड्याच्या घरांसंबंधी इतर जे कायदे करायचे ते या पायावर उभे राहिले तरच टिकतील.

घर पाहण्याचा प्रसंग जवळून पाहिला की हे लगेच ध्यानात येते. पाहणी बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत उरकते. एजंट आधी खिडक्या उघडतो, सगळे दिवे लावतो आणि चालता चालता सांगतो की सकाळीच दोघे जण पाहून गेले आहेत, त्यांतला एक संध्याकाळपर्यंत टोकन देणार आहे. भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो. ताज्या रंगाखाली ओल दिसत नाही. ती शोधायची तर कपाट भिंतीपासून सरकवून मागे पाहावे लागते, स्नानगृहालगतच्या भिंतीवर तळहात टेकवून गारवा तपासावा लागतो, सिंकखालच्या कपाटाची फळी फुगली आहे का ते वाकून पाहावे लागते. नळाला पाणी किती धारेने येते हे सगळी इमारत पाणी वापरत असताना पाहिले तरच त्या पाहण्याला अर्थ असतो. लिफ्टच्या मोटरचा किंवा रस्त्याचा आवाज रात्री किती येतो, हे दुपारच्या भेटीत कळणे शक्यच नाही. म्हणून जाणती माणसे सांगतात की घर दोनदा आणि वेगवेगळ्या वेळी पाहा, जिना उतरताना शेजाऱ्यांशी दोन शब्द बोला, वीजमीटरचे आकडे आणि मागची बिले मागून घ्या. हा सल्ला योग्य आहे आणि मीही तोच देईन. पण नव्या नोकरीवर चार दिवसांत रुजू व्हायचे आहे, किंवा आधीच्या घराची मुदत या महिनाअखेरीस संपते आहे, अशा माणसाला हा सल्ला पाळता येत नाही. शिवाय ज्याच्यापाशी वेळ कमी असतो त्याच्यापाशी बहुधा पैसाही कमीच असतो, आणि म्हणून ज्याला चुकीच्या घराचा फटका सर्वांत जास्त बसणार तोच ते घर सर्वांत घाईने घेतो. ही स्थिती भाडेकरूने अधिक चाणाक्ष होऊन सुटणारी नाही.

अर्थशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी सांगून ठेवली आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला मालाची अवस्था माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते तेव्हा चांगल्या मालाला चांगली किंमत मिळेनाशी होते आणि चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. भाड्याच्या घरांना हे जसेच्या तसे लागू पडते. ज्या मालकाने गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले, जुने वायरिंग बदलले, त्याला त्याचे मोल भाड्यात मिळत नाही, कारण शेजारच्या मालकाने नुसता रंग मारला तरी जाहिरातीतली छायाचित्रे सारखीच दिसतात. मग दुरुस्तीवर खर्च करण्याची बुद्धी कोणाला होणार? पीटर डायमंड यांचा १९७१ चा निष्कर्ष तर याहून अस्वस्थ करणारा आहे. प्रत्येक नव्या विक्रेत्याकडे चौकशी करण्याला थोडासा जरी खर्च येत असेल, तरी विक्रेते पुष्कळ असूनही किंमत एखाद्या मक्तेदाराने लावावी तितकी वर जाऊ शकते, असे त्यांनी गणिताने मांडले. घर शोधण्यातला खर्च थोडासा नसतो. रजा टाकावी लागते, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावे लागते, कधी दलाली तर कधी टोकनची रक्कम अडकून पडते. ॲकरलॉफ यांना २००१ साली आणि डायमंड यांना २०१० साली इतर सहकाऱ्यांसह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या दोघांच्या मांडणीचा आपल्या प्रश्नाशी इतका थेट संबंध असताना भाड्याच्या घरांचे धोरण ठरवणाऱ्यांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो, याचे मला वाईट वाटते.

अंधार दोन्ही बाजूंना सारखा असता तरी एक वेळ चालले असते, परंतु तो तसा नाही. ज्याची दहा-वीस घरे भाड्याने आहेत त्या मालकाला बाजारभाव रोज कळतो, आणि एजंटला तर त्याहून जास्त कळतो. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही गोष्ट कुठवर गेली आहे हे अमेरिकेतल्या एका खटल्यातून समोर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्याय विभागाने आणि काही राज्यांनी रिअलपेज या कंपनीवर दावा दाखल केला. एकमेकांशी स्पर्धा करणारे घरमालक आपापल्या प्रत्यक्ष भाड्यांची खासगी माहिती या कंपनीच्या सॉफ्टवेअरला पुरवतात आणि ते सॉफ्टवेअर त्यावरून किती भाडे लावावे याची शिफारस करते, त्यामुळे स्पर्धा मरते, असा त्या दाव्यातला आरोप होता. कायद्याच्या कसोटीवर त्याचे काय व्हायचे ते होवो. प्रत्यक्ष भाड्यांची माहिती गोळा करणे, ती ताजी ठेवणे आणि वापरणे हे सगळे आज शक्य आहे आणि केलेही जाते, एवढे मात्र त्यातून दिसले. ती माहिती व्यवहाराच्या एकाच पक्षाकडे जाते, आणि भाडे नोंदवणे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे.

परवडणारे म्हणजे काय, हेही या अंधारात नीट मोजता येत नाही. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडे असू नये, हा ठोकताळा जगभर सांगितला जातो. त्याचा इतिहास पाहिला तर तो सामान्य भाडेकरूसाठी काढलेला शास्त्रीय निष्कर्ष नव्हताच. अमेरिकेत १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांवर बांधले गेले, आणि १९८१ मध्ये ती मर्यादा तीस टक्क्यांवर नेली गेली. सरकारी घरांच्या हिशेबासाठी ठरलेला हा आकडा पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसला. भरपूर कमावणाऱ्याने चाळीस टक्के भाड्यात घातले तरी त्याच्याकडे पुरेसे उरते. जेमतेम कमावणाऱ्याने पंचवीस टक्के घातले तरी औषधपाण्याला आणि मुलांच्या फीला उरत नाही. त्यामुळे भाडे गेल्यावर हातात किती उरते, हा प्रश्न टक्केवारीपेक्षा अधिक खरा आहे.

त्यातही भाडे हा घराचा पूर्ण खर्च नव्हे. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली, आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आत असावेत असे सुचवले. आकडा मान्य करा किंवा करू नका, पण शहराबाहेरचे स्वस्त घर रोजच्या प्रवासात महाग पडते हे त्यामुळे कागदावर दिसू लागले. त्यात देखभाल शुल्क, पाण्याचे आणि पार्किंगचे वेगळे पैसे, दलाली, घर बदलण्याचे सामानसुमानाचे भाडे आणि अडकून पडलेली अनामत रक्कम मिळवली, की जाहिरातीतल्या आकड्याशी खऱ्या खर्चाचा मेळ बसत नाही. दोन घरांची तुलना करताना हा सगळा हिशेब वर्षभराचा मांडायला हवा आणि दलालीसारखा एकदाच होणारा खर्च जितके महिने राहणार तितक्या महिन्यांवर विभागायला हवा. वर्षभराने घर सोडावे लागले तर स्वस्त वाटलेले घर महाग ठरते. भाडेकरूला किती काळ राहू दिले जाईल याची निश्चिती हा म्हणूनच परवडण्याचाच एक भाग आहे, आणि भाडेकरार वाचताना पुष्कळ जण भाड्याचा आकडा पाहतात पण नूतनीकरणाचे आणि भाडेवाढीचे कलम वाचायचे राहून जाते.

आता उपायांकडे येतो. सरकारांनी सर्वांत जास्त वेळा हात घातला तो भाड्याच्या आकड्याला. १९१५ साली ग्लासगोमध्ये युद्धकाळातल्या भाडेवाढीविरुद्ध हजारो कुटुंबांनी, विशेषतः स्त्रियांनी, भाडे देणे थांबवले आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडे गोठवणारा कायदा करावा लागला. त्या स्त्रियांचा लढा न्याय्य होता आणि युद्धाच्या काळात दुसरा मार्गही नव्हता. पण तोच उपाय शांततेच्या काळात वर्षानुवर्षे चालवला की काय होते, याचेही दाखले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ मध्ये भाडेनियंत्रण १९८० पूर्वी बांधलेल्या लहान इमारतींनाही लागू केले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्याचा हिशेब मांडला. जे भाडेकरू त्या घरांत आधीच राहत होते त्यांना खरोखर संरक्षण मिळाले आणि ते आपल्या पत्त्यावर टिकून राहिले; पण नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी भाड्याने द्यायच्या घरांची संख्या पंधरा टक्क्यांनी कमी केली आणि त्यामुळे शहरभरचे भाडे सुमारे पाच टक्क्यांनी वाढले. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवली, भाड्याच्या जाहिराती झपाट्याने कमी झाल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या संघराज्य घटना न्यायालयाने बर्लिनसारख्या एका राज्याला तो अधिकारच नाही म्हणून कायदा रद्द केला. स्टॉकहोममध्ये नियंत्रित भाड्याचे घर रांगेने मिळते आणि त्या रांगेतली सरासरी प्रतीक्षा नऊ वर्षांच्या आसपास आहे. जो आत आहे त्याला संरक्षण आणि जो दारात उभा आहे त्याला प्रतीक्षा, असा हा सौदा होतो. घर शोधणारा माणूस व्याख्येनेच दारात उभा असतो, त्यामुळे त्याला या उपायाचा फारसा लाभ होत नाही.

जर्मनीतला दुसरा एक अनुभव माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा वाटतो. जून २०१५ पासून तिथे टंचाई असलेल्या शहरांत नव्या करारातले भाडे त्या भागातल्या तशाच घरांच्या भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आला. नियमाला अपवाद होता: मागचा भाडेकरू आधीच त्याहून जास्त भाडे देत असेल तर तेवढे घेता येईल. अपवाद ठीकच आहे, पण मागचे भाडे किती होते हे मालकाने आपणहून सांगण्याची सक्ती सुरुवातीला नव्हती. भाडेकरूने तक्रार करायची, तर आधी संशय घ्यायचा, मग माहिती मागायची आणि नुकतेच ज्याच्या घरात पाऊल ठेवले त्याच्याशी वाद ओढवून घ्यायचा. साहजिकच फार थोडे लोक त्या वाटेने गेले. २०१९ पासून कायदा बदलला आणि अपवादाचा आधार घ्यायचा असेल तर मालकाने करारापूर्वीच ते लेखी सांगितले पाहिजे असे ठरले. नियम जुनाच होता. तो वापरता येण्यासाठी लागणारी माहिती मात्र पहिल्या दिवसापासून भाडेकरूच्या हातात असायला हवी होती.

स्वित्झर्लंडने हे सर्वांत सरळ पद्धतीने केले आहे. घरांची टंचाई असेल तर तिथल्या कँटनना, म्हणजे प्रांतांना, नव्या भाडेकरूसाठी एक ठरावीक सरकारी नमुना सक्तीचा करता येतो. जिनिव्हा आणि झ्युरिकसारख्या कँटनमध्ये तो सक्तीचा आहे. त्या नमुन्यावर मागच्या भाडेकरूचे भाडे लिहावे लागते, वाढ केली असेल तर कारण लिहावे लागते, आणि ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत सुरुवातीच्या भाड्याला आव्हान देता येते. न्यूझीलंडने वेगळ्या वाटेने तेच साधले आहे. तिथे अनामत रक्कम सर्वसाधारणपणे चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती मालकाच्या खात्यात राहत नाही. ती सरकारी यंत्रणेकडे तेवीस कामकाजी दिवसांत जमा करावी लागते. जमा करताना भाड्याचा आकडा नोंदवावा लागतो, आणि अशा नोंदींवरून कोणत्या भागात किती खोल्यांच्या घराला प्रत्यक्ष किती भाडे पडते याचे आकडे प्रसिद्ध होतात. घर शोधणाऱ्याला ते कोणालाही न विचारता पाहता येतात. न्यूझीलंडच्या या पद्धतीत भाड्यावर मर्यादा घातलेली नाही. मालक वाटेल ते मागू शकतो, पण मागितलेला आकडा आसपासच्या आकड्यांशी ताडून पाहणारा माणूस आता समोर बसलेला असतो.

या सूचनेवर जो सर्वांत गंभीर आक्षेप घेता येईल तो असा, की भाडी उघड केली तर कमी घेणाऱ्या मालकांनाही कळेल की आपण कमी घेतो आहोत आणि सगळीच भाडी वर सरकतील. हा आक्षेप हवेतला नाही. डेन्मार्कच्या स्पर्धा आयोगाने १९९३ मध्ये तयार काँक्रीटच्या व्यवहारांतल्या प्रत्यक्ष किमती जाहीर करायला सुरुवात केली, आणि खरेदीदारांना फायदा व्हावा या हेतूने सुरू केलेल्या या उपक्रमानंतर वर्षभरातच किमती पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढल्या. मूठभर कंपन्या एकमेकींवर नजर ठेवून होत्या, आणि कोण गुपचूप सवलत देतो हे आता सरकारच त्यांना छापून सांगत होते. या उदाहरणावर मी बराच विचार केला आहे, आणि त्यामुळे सूचना सोडावी असे मला वाटत नाही. ती कशी राबवावी हे मात्र त्यातून शिकावे असे वाटते. काँक्रीटचे विक्रेते थोडे होते आणि कोणाची किंमत किती हे नावानिशी प्रसिद्ध होत होते. म्हणून सार्वजनिक नोंदीत मालकाचे नाव किंवा घराचा नेमका पत्ता नसावा. भाग, आकार आणि इमारतीचे वय यांनुसार मधले भाडे आणि त्याचा पल्ला एवढेच असावे. नेमके मागचे भाडे फक्त ज्याला ते घर देऊ केले आहे त्यालाच सांगावे. मोठ्या मालकांना आणि एजंटांना बाजारभाव आजही ठाऊक आहे, त्यामुळे या नोंदीने नवी माहिती मिळेल ती मुख्यतः भाडेकरूला. जुन्या भाडेकरूकडून आपुलकीने कमी भाडे घेणारा एखादा लहान मालक ही नोंद पाहून भाडे वाढवील, ही शक्यता उरतेच, आणि ती मी नाकारत नाही. पण आज त्या मालकाचा भाडेकरू निघून गेल्यावर तेच घर बाजारभावाने जाते. नोंद असेल तर निदान नव्या भाडेकरूला उडी किती मोठी आहे ते दिसेल आणि तिचे कारण विचारता येईल.

खासगीपणाचा आक्षेपही याच रचनेत बऱ्यापैकी सुटतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

घर चांगले आहे की नाही, या अर्ध्या भागाचा विचार मात्र थांबून केला पाहिजे, कारण तिथे माहिती लपल्याची किंमत पैशापुरती राहत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा मरण पावला. भाड्याच्या घरातली बुरशी श्वासावाटे दीर्घकाळ शरीरात गेल्याने तो दगावला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवला. त्याच्या वडिलांनी बुरशीची पहिली तक्रार मुलाच्या जन्मापूर्वी, २०१७ मध्ये केली होती. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा पुढे झाला, आणि धोकादायक ओल किंवा बुरशीच्या तक्रारीची ठरावीक दिवसांत दखल घेऊन दुरुस्ती सुरू करण्याचे बंधन ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक संस्थांच्या घरांना लागू झाले. न्यूझीलंडने २०१९ मध्ये भाड्याच्या घरांसाठी आरोग्याची मानके ठरवली. घर उबदार ठेवण्याची सोय, उष्णतारोधक आवरण, वायुवीजन, ओलाव्याचा निचरा आणि फटींतून येणारा गार वारा अडवणे या पाच बाबी त्यांत आहेत आणि घर त्यांत बसते की नाही याचे निवेदन करारासोबत द्यावे लागते. प्रत्येक हवामानाला हीच मानके लागू पडतील असे नाही, पण निवेदन करारासोबत आणि सहीनिशी देण्याची पद्धत कुठेही लागू पडते. ओल आहे हे माहीत असून मालकाने नाही असे लिहून दिले, तर भाडेकरूच्या हातात पुरावा राहतो. तोंडी आश्वासनाचा पुरावा राहत नाही.

अनामत रकमेचा वादही याच पुराव्याअभावी होतो. घर सोडण्याच्या दिवशीचे बोलणे सगळ्यांना ऐकून माहीत आहे: भिंतीला खिळ्याची दोन भोके आहेत, ओट्यावर डाग आहे, रंगाचे पैसे कापावे लागतील, पंख्याचा रेग्युलेटर बिघडला आहे. रेग्युलेटर आधीच बिघडलेला होता का, रंग किती जुना होता, वापराने होणारी सहज झीज कोणती आणि नुकसान कोणते, याचा निवाडा करायला कोणी तिसरा नसतो. आणि रक्कम ज्याच्या खिशात आहे त्याचाच शब्द शेवटचा ठरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून अशी रक्कम मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावी लागते आणि वाद झाला तर योजनेमार्फत निवाडा मागता येतो; इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक भाडेकरूंकडून पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेताही येत नाही. निवाडा करणारा पहिली गोष्ट मागतो ती ताबा घेतानाची यादी आणि छायाचित्रे. कायदा नसेल तिथेही भाडेकरूने एवढे करावेच: ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची, नळांची, मीटरच्या आकड्यांची तारखेनिशी छायाचित्रे काढून मालकाला लगेच पाठवावीत आणि पोचल्याचे उत्तर मागून घ्यावे. प्रामाणिक मालकालाही याचा तितकाच उपयोग आहे, कारण खरे नुकसान करून जाणारे भाडेकरूही असतात आणि तेव्हा हीच छायाचित्रे त्याच्या बाजूने बोलतात. भाडेकरू घर सोडणार नाही ही घरमालकांची भीतीही खोटी नाही. जिथे न्यायालये वर्षानुवर्षे निकाल देत नाहीत तिथे माणसे घर बंद ठेवणे पसंत करतात, आणि झटपट निवाड्याची सोय भाडेकरूइतकीच मालकांसाठीही हवी.

माहितीने घरे बांधली जात नाहीत, हे खरेच आहे. व्हिएन्नाने १९१९ पासून घरे बांधली, आज त्या शहरातले जवळपास निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि त्याचा परिणाम खासगी भाड्यांवरही होतो. ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागात अधिक दाट बांधकामाला परवानगी दिली, नव्या घरांच्या परवान्यांत मोठी वाढ झाली, आणि भाडी अन्यथा जितकी वाढली असती त्यापेक्षा कमी वाढली असे तिथले अभ्यास सांगतात. बांधकामाला पर्याय नाही. पण व्हिएन्नाला शंभर वर्षे लागली आणि ऑकलंडचा परिणाम दिसायलाही काही वर्षे जावी लागली. या महिनाअखेरीस ज्याला घर हवे आहे त्याचे काय, याचे उत्तर बांधकामात नाही. शिवाय घरे कुठे आणि कोणत्या आकाराची बांधावीत हे ठरवायला प्रत्यक्ष भाड्यांचेच आकडे लागतात. दोन खोल्यांच्या घरांची भाडी एखाद्या भागात झपाट्याने चढत असतील तर नगररचनाकाराला ते जाहिरातींवरून उशिरा आणि चुकीचे कळते, नोंदीवरून वेळेवर कळते.

या नोंदीचा खर्च कोण करणार, असे विचारले जाते. जमा अनामत रकमांवर व्याज मिळते. न्यूझीलंडमध्ये ते व्याज भाडेकरारांची नोंद आणि वाद सोडवणाऱ्या यंत्रणेच्याच खर्चाला जाते. मालकाच्या खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याज आज भाडेकरूला बहुधा मिळत नाहीच, त्यामुळे ते या कामी वापरण्याने त्याच्या पदरचे काही जात नाही. आणि मालक नोंदच करणार नाहीत, खोटा आकडा लिहितील, या शंकेला दंडाच्या मोठ्या रकमेपेक्षा स्विस न्यायालयांचा मार्ग मला अधिक परिणामकारक वाटतो. जिथे नमुना सक्तीचा आहे तिथे तो न देता करार केला, तर करार टिकतो आणि भाडेकरूला घरातून बाहेर काढता येत नाही, पण करारातला भाड्याचा आकडा तेवढा रद्द ठरतो, आणि भाडे किती ते मग न्यायालय ठरवते.